विमान विकत घ्यावे की घरी बांधावे?

(उत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंचावर आजवर डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले, कीर्तनकार बोलले. मी फिटर माणूस. व्हेईकल फॅक्टरीत १९७६ साली लागलो आणि २०१४ साली बाहेर पडलो. अडतीस वर्षे हातात पाना धरला, माईक कधी धरला नाही. तरी समितीने आग्रह केला, त्याला कारण आहे. गेल्या वर्षभरात कॉलनीत एक बातमी पसरली होती की काका रिछाईच्या शेडमध्ये विमान बनवताहेत. एका वहिनींनी तर आमच्या सौ.ना विचारले की ते डुमनाला उतरवणार की कॉलनीच्या मैदानावर? तेव्हा खरे काय ते एकदाच सगळ्यांसमोर सांगून टाकावे म्हणून उभा राहिलो आहे.

किट म्हणजे काय, हे जबलपूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १९५९ साली जी.सी.एफ.मध्ये जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागला. १९६९ साली आमची व्हेईकल फॅक्टरी झाली. निस्सानच्या गाडीला आपण जोंगा म्हणालो, त्या नावात जबलपूर आहे हे तुम्ही जाणताच. पुढे लेलँडची स्टॅलियन आणि टाटाची एल.पी.टी.ए. आली, तेव्हा तर सुट्या भागांच्या पेट्याच यायच्या. पेटी उघडायची, यादीशी भाग ताडून पाहायचे, ड्रॉइंग काढायचे आणि जुळवायचे. किट-विमान म्हणजे तेच. कंपनी पत्रे कापून, वाकवून, बहुतेक भोके पाडून पाठवते. जुळणी आपण करायची. इंजिन, पंखा आणि घड्याळे वेगळी घ्यायची.

आमचा धाकटा अमेरिकेत असतो. त्याने तिकडे छोटे विमान चालवण्याचा परवाना काढला. २०२३च्या दिवाळीत फोनवर म्हणाला, "बाबा, विमान घ्यायचं मनात आहे. जुनं विकत घेऊ की किट आणून बांधू? बांधायचं झालं तर तुम्ही लागाल."

मंडळी, निवृत्त फिटरला "तुम्ही लागाल" असे कोणी म्हटले की त्याचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. मी त्याच रात्री हो म्हणून बसलो. सौ. मात्र दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्याला विमान हवंय की काम हवंय?"

प्रश्न साधा वाटतो, पण सगळा निर्णय त्यात आहे. किट जुळवायला साधारण १५०० ते २००० तास लागतात, असे ज्यांनी बांधले ते सांगतात. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास काढले तर तीन ते चार वर्षे झाली. ज्याला उडायचे आहे त्याची ही वर्षे जमिनीवर जातात. म्हणून जाणती माणसे सांगतात, उडण्याची हौस असेल तर विकत घ्या, घडवण्याची हौस असेल तर बांधा. स्वस्त पडेल म्हणून जो बांधायला घेतो, त्याचे अर्धे विमान गॅरेजमध्ये धूळ खाते. आपल्याकडे शाडूचा गणपती घरी करणारे आहेत आणि पेणची मूर्ती आणणारेही आहेत. पैसे वाचतात म्हणून घरी मूर्ती करणारा मी तरी पाहिलेला नाही.

पहिला विचार माझ्या मनात आला तो रिछाईचा. शेड आहे, ड्रिल आहे, कॉम्प्रेसर आहे, हाताखाली दोन मुले आहेत. इथेच का बांधू नये? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच एका मराठी माणसाने स्वतःच्या आयुष्यातली वीस वर्षे घालून दिले आहे. कॅप्टन अमोल यादव यांचे नाव तुम्ही वाचले असेल. जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधले, तेही किटवरून नाही, स्वतःच्या आराखड्यावरून. सुरुवात १९९८ची. आधीच्या दोन प्रयत्नांना यश आले नाही. तिसरे विमान सहा आसनांचे, टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह झाला, तेव्हा ते सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले आणि प्रदर्शनात मांडले. साऱ्या देशाने पाहिले.

पुढची तारीखवार यादी ऐका. डीजीसीएकडे नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, क्रमांक व्हीटी-एनएमडी. उड्डाणाची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेले ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे लोकांनी उभे असलेले विमान पाहिले त्यानंतर साडेचार वर्षांनी.

या दिरंगाईबद्दल सरकारी खात्याला नावे ठेवणे सोपे आहे. मीही आधी तेच केले. पण अडतीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसाने जरा दुसऱ्या बाजूनेही पाहावे. ट्रक बिघडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. विमानाला कडा नसते. नवीन आराखड्याचे यंत्र लोकांच्या डोक्यावरून जाणार असेल, तर ते सुरक्षित आहे हे कोणीतरी तपासायला हवे. आपल्याकडे घरी बांधलेली विमाने इतकी कमी की ती तपासायची वाट मळलेली नाही. यादव त्या रानातून पहिल्याने चालत गेले, म्हणून काटे त्यांना टोचले. त्यांच्या चिकाटीला मी हात जोडतो. पण त्यातून मी धडा घेतला तो असा की विमान बांधणे हे अर्धे काम, आणि ते बरोबर बांधले आहे हे दुसऱ्याला पटवणे हे उरलेले अर्धे. सत्तरीच्या माणसाने ते दुसरे अर्धे रिछाईत सुरू करू नये. शेडचा विचार तिथे संपला.

अमेरिकेत ही वाट जुनी आहे. घरी विमान बांधणाऱ्यांची ई.ए.ए. ही संस्था तिथे १९५३ साली सुरू झाली. नियम असा की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने, स्वतःच्या शिक्षणासाठी आणि आनंदासाठी केलेले असले पाहिजे. पूर्ण झाल्यावर सरकारी तपासनीस किंवा सरकारने नेमलेला प्रतिनिधी पाहून दाखला देतो. मग पहिले २५ किंवा ४० तास, इंजिन-पंख्याच्या जातीनुसार, ठरलेल्या क्षेत्रात चाचणी उड्डाणे करायची. त्या काळात हौस म्हणून कोणाला शेजारी बसवायचे नाही. बांधणाऱ्याला त्याच्या त्या एका विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा दाखलाही मिळतो. तेच विमान दुसऱ्याने विकत घेतले तर बांधणाऱ्याचा हा दाखला त्याच्याकडे जात नाही. विकत घेणे आणि बांधणे यांतला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याने रिव्हेट ठोकला त्यालाच तो कुठे आहे हे ठाऊक असते.

मग धाकट्याने तिसरी वाट सुचवली. कोणीतरी बांधलेले तयार किट-विमान विकत घ्यावे. वेळही वाचेल, पैसाही वाचेल. तेव्हा मी जॉन डेन्व्हरची हकिगत वाचली. अमेरिकेतला मोठा गायक, अनुभवी वैमानिक. त्याने लाँग-ईझी जातीचे, दुसऱ्याने घरी बांधलेले विमान विकत घेतले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात ते पडले आणि तो गेला. चौकशीत निघाले ते असे. एका टाकीतले पेट्रोल संपले की दुसरी टाकी चालू करण्याची जी चावी असते, ती मूळ आराखड्यात वैमानिकाच्या समोर, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती नेली वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे. ती फिरवायला अंग वळवावे लागे, आणि वळताना उजवा पाय रडरच्या पॅडलवर दाबला जाण्याचा धोका. पेट्रोल किती आहे हे दाखवणाऱ्या काचेवर खुणा नव्हत्या. चावीचा त्रास डेन्व्हरला उड्डाणाआधीच जाणवला होता. पेट्रोल भरून घ्या असे विचारले तर त्याने नको म्हटले, तासाभराचेच उड्डाण होते.

मूळ आराखडा वाईट नव्हता. त्याच लाँग-ईझीच्या धर्तीवर बंगळूरच्या एन.ए.एल.ने १९८०च्या दशकात एक प्रायोगिक विमान बांधले, त्यातून कंपोझिटचे काम आपले लोक शिकले, आणि १९९३ साली 'हंसा' उडाले. दोष होता तो एका माणसाने त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या सोयीने घेतलेल्या एका निर्णयात. असा निर्णय विकत घेणाऱ्याच्या खांद्यामागे बसून येतो. म्हणून दुसऱ्याचे विमान घ्यायचे तर त्याची वही आधी वाचावी, आणि ते खोलून पाहू शकेल असा माणूस सोबत न्यावा.

विकत घेण्यात दुसऱ्याची लपलेली चूक येते. मग बांधण्यात काय येते? स्वतःची. ती तर आणखी वाईट, कारण आपला तो बाब्या.

इथे मला आणखी एक उदाहरण उपयोगी पडले. अशोक थामराक्षन हे मूळचे केरळचे इंजिनियर इंग्लंडमध्ये राहतात. करोनाच्या टाळेबंदीत त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग कंपनीचे चार आसनांचे किट मागवले आणि सुमारे अठरा महिन्यांत बांधले. २०२२ साली त्यांनी ते उडवले, आणि पुढे घरच्यांना घेऊन युरोपात फिरले. विमानाचा क्रमांक घेतला जी-दिया, धाकट्या मुलीच्या नावाचा. खर्च सुमारे १,४०,००० पौंड, म्हणजे स्वस्तातली हौस नव्हे. पण मला खर्चापेक्षा महत्त्वाचे वाटले ते तिथल्या पद्धतीचे. इंग्लंडमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा तपासनीस टप्प्याटप्प्याने येऊन काम पाहतो. पत्रा बंद होण्याआधी आतले दुसऱ्याच्या डोळ्याखालून जाते.

कारखान्यातल्या लोकांना मी आता काय म्हणणार ते कळले असेल. आपल्याकडे बनवणारे वेगळे आणि इन्स्पेक्शन वेगळे. आपण त्यांना किती शिव्या दिल्या! नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझा एक ब्रॅकेटचा जॉब इन्स्पेक्टरसाहेबांनी नापास केला. भोक जरासे सरकले होते. मी म्हटले, "साहेब, एवढ्याने काय होतं?" त्यांनी वाद घातला नाही. लाल चिठ्ठी बांधली आणि पुढे गेले. मी महिनाभर त्यांना नमस्कार केला नाही.

तर निर्णय असा झाला. पूर्ण किट घ्यायचे नाही, फक्त शेपटीचे घ्यायचे. किट-कंपन्या विमान तुकड्यांत विकतात. आधी शेपटी, मग पंख, मग धड. यात शहाणपण आहे. शेपटी लहान असते, आणि तीत लागणारे पुष्कळसे काम पुढे पंखातही लागते. तिथेच कळते की आपल्याला हे झेपते का. पैशाचेही तसेच. त्याच सुमारास, डिसेंबर २०२३ मध्ये, या धंद्यातली सर्वांत नावाजलेली व्हॅन्स ही कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. लेझरने कापलेल्या भोकांपासून पत्र्याला तडे जात असल्याचे निघाले होते, भाग बदलून द्यावे लागले, आणि इतरही देणी अंगावर आली. २०२४ मध्ये कंपनी सावरली, पण जुन्या ऑर्डरी चालू ठेवायच्या तर गिऱ्हाइकांना वाढीव दर मान्य करावे लागले. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे हे अमेरिकेतही खरे.

सौ.नी दोन अटी घातल्या. एक, माझ्या ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही. ती मुलाने मागितलीही नव्हती. दुसरी, नात त्यात कधी बसणार हे मी नाही, मुलाने नाही, सूनबाईने ठरवायचे.

२०२४च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे गेलो आणि ऑगस्टमध्ये परतलो. गॅरेजमध्ये दोन टेबले केली. आपण ट्रकच्या चासीला बोटाएवढा रिव्हेट पाहिलेला. इथला रिव्हेट ज्वारीच्या दाण्याएवढा, ३/३२ इंची. भोक पाडा, दोन्ही बाजूंची बर काढा, पत्र्याला खळगी द्या, मग रिव्हेट. एकाने पुढून गन चालवायची, दुसऱ्याने मागून डॉली धरायची. हे काम एकट्याने होत नाही. रिव्हेटचे मागचे डोके दांड्याच्या दीडपट रुंद आणि निमपट उंच बसले पाहिजे, त्याला गेज असते. मुलगा संध्याकाळी कामावरून आला की तो गन धरायचा, मी डॉली. लहानपणी तो माझ्याशी जेवढा बोलला नसेल तेवढा त्या चार महिन्यांत बोलला. म्हणजे फार नाही, "अजून एक", "बघा बसला का", एवढेच. पण रोज.

जुलैमधली एक गोष्ट सांगतो आणि संपवतो. शेपटीच्या आडव्या पंखाचा वरचा पत्रा दुसऱ्या दिवशी बंद करायचा होता. आतल्या एका रिबचा रिव्हेट वाकडा बसला होता. मुलगा झोपायला गेला होता. मी म्हटले, एवढा काढून टाकू. ड्रिल घसरले आणि भोकाचा इंग्रजी आठ झाला. नियम मला पाठ होता. एक माप मोठा रिव्हेट चालतो, पण भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर उरले पाहिजे. मोजले, उरत नव्हते. भाग बदलायला हवा होता.

मंडळी, मी खरे सांगतो. मी मोठा रिव्हेट हातात घेऊन पंधरा मिनिटे बसलो. ठोकला असता तर सकाळी पत्रा चढला असता आणि जन्मात कोणाला दिसले नसते. तपासनीस शेवटी येईल तेव्हा सगळे बंद असणार. एका रिव्हेटने विमान पडत नाही, हेही मला माहीत होते. माझ्याच तोंडी माझेच वाक्य आले, एवढ्याने काय होतं. पण इथे लाल चिठ्ठी बांधायला कोणी नव्हते. अडतीस वर्षे मला वाटत होते की मी चांगला फिटर आहे. त्या रात्री लक्षात आले की मी चांगला होतो, कारण माझ्या पाठीशी कोणीतरी उभे होते.

मी कागदी चिकटपट्टीचा तुकडा घेतला, त्यावर लाल पेनाने फुली मारली, भोकाजवळ लावला आणि झोपायला गेलो. सकाळी मुलाने पाहिले. तो काही बोलला नाही. नवी रिब मागवली. पैसे फारसे लागले नाहीत, दिवस दहा गेले. त्या दहा दिवसांत आम्ही एक पद्धत ठरवली. ज्याने केले त्याने तपासायचे नाही. वहीत दोन सह्या, करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. आणि कुठलाही पत्रा बंद करण्याआधी ई.ए.ए.चा तांत्रिक सल्लागार बोलवायचा. हे अनुभवी लोक असतात आणि विनामूल्य येऊन पाहतात. आमच्याकडे आलेल्या आजोबांनी आणखी तीन रिव्हेट काढायला लावले. या वेळी मी त्यांना नमस्कार केला.

शेपटी झाली, भिंतीला टांगलेली आहे. पंखांचे किट आता मागवायचे ठरले आहे. पहिली उड्डाणे मुलगा नेमाने अनुभवी शिक्षकाकडून तालीम घेऊन करील. चाचणीचे तास संपले की शेजारी मी बसेन. नातीचे सूनबाई ठरवतील. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही आणि मला ते योग्यच वाटते.

तेव्हा घ्यावे की बांधावे, याचे माझे उत्तर असे. उडायचे असेल तर घ्या, पण दुसऱ्याच्या निर्णयांची झडती घेऊन घ्या. घडवायचे असेल तर बांधा, पण आपली चूक दाखवणारा माणूस किटच्या आधी शोधा. तो मिळत नसेल तर बांधू नका. विमानच कशाला, घर, संसार, संस्था, कशालाही हे लागू असेल. पण मी फिटर आहे, मी रिव्हेटपुरतेच बोलतो.

शेवटी तरुण मंडळींना एक निमंत्रण. रिछाईच्या शेडमध्ये विमान नाही. पण मी ॲल्युमिनियमचा एक पत्रा ठेवला आहे, त्यावर १०० रिव्हेट आहेत. त्यांतले ७ नापास आहेत, ते मुद्दाम ठेवले आहेत. गेज तिथेच टेबलावर आहे. रविवारी सकाळी या, शोधून दाखवा. सातही सापडले तर चहा माझ्याकडून. आणि आठवा सापडला, तर तो माझ्याकडून राहून गेलेला असेल, तेव्हा लाल पेनही टेबलावर ठेवला आहे.

बुद्धिदात्याच्या चरणी एवढेच मागणे की चूक दिसावी आणि दाखवणारा जवळ असावा.

गणपती बाप्पा मोरया!